वजीर सांभाळ रे!

समोरच्याचा वजीर मारण्याआधी त्याला सावध करणारा बुद्धिबळपटू मी एकच पाहिला. पेणचे तात्या. गणपतीच्या कारखान्यात ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे आणि पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना हरवणारा कुणी नव्हता. वजिरावर मोहरा रोखला की लगेच म्हणायचे, "वजीर सांभाळ रे!" जुनी रीत. एवढं सांगूनही मी हरायचोच, तो भाग वेगळा.

दर गुरुवारी माझ्या कंपनीला सुट्टी. मी रोह्याजवळच्या वरशाहून त्यांच्याकडे खेळायला जायचो. अख्ख्या आठवड्यात मला तेवढीच हौस. आणि मीच स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. माझा जुना कॉम्प्युटर, आत बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, कारखान्यात नेऊन ठेवला.

पहिल्याच डावात तात्या त्या पडद्यालाही बजावत होते, "वजीर सांभाळ रे!" त्यानं मात्र गपचूप यांचा वजीर उचलला. तात्या भडकले. "बोलत नाय, खोकत नाय, हा कसला गडी?"

मी समजावलं, "अहो तात्या, जगज्जेतासुद्धा यंत्राकडून हरलाय."

"तो हरला म्हणून मी पण हरायचं व्हय? याला हरवल्याबिगर मी माणसाशी खेळणार नाय."

या माणसापुढं डोकं फोडावं की काय! चार महिने मी गुरुवारी जायचो ते त्यांना हरताना बघायला. "एक डाव माझ्याशी," म्हटलं की हातानंच गप्प बसवायचे.

शेवटी माझा धीर सुटला. ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी प्रोग्रॅम सर्वांत सोप्या पातळीवर आणून ठेवला. वीसेक चालींत तात्या जिंकले. मी टाळ्या पिटल्या. ते हसलेच नाहीत.

"ह्यानं घोडा फुकट दिला. हा कधी द्यायचा नाय." मग माझ्याकडे बघितलं. "तू दिलास?"

मी मान खाली घातली.

"मी तुला एक प्यादं तरी फुकट दिलं होतं का रे कधी?"

त्यानंतर तात्या तीन वर्षं होते. कॉम्प्युटर त्यांनी परत केला. गुरुवारी चहा मिळायचा, घरच्यांची चौकशी व्हायची, पण पट निघायचा नाही. अहो, रागवा, शिव्या द्या, पण खेळा तरी! मला आजही त्यांचा संताप येतो, आणि त्याहून माझा.

ते अंथरुणाला खिळल्यावर एकदा हिय्या करून पट मीच मांडला. तात्यांनी दोन्हीकडचे मोहरे नीट बघितले आणि म्हणाले, "चहा घे. निवतोय."