सरकीचं पोतं आणि राजारामची पकड

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमची पलटण पुण्याला होती. मी लान्स नायक, राजाराम शिपाई. दोघेही पारोळा तालुक्यातल्या एकाच गावचे. पलटणीच्या रग्बी टीममध्ये नाव लागलं तेव्हा तो लांबट बॉल बघून आम्हाला हसू आलं होतं. पहिल्याच आठवड्यात राजारामचा दात हलला आणि हसू गेलं.

०५३० ला पीटी. मग पाठीवर पिठ्ठू घेऊन टेकडी चढायची. ओल्या बॉलचे शंभर पास, त्यातले पन्नास डाव्या बाजूला. बुटांच्या तळाचे स्टड रोज आवळायचे, दातांवर घालायचं रबरी गार्ड धुऊन डबीत ठेवायचं. हे सगळं राजाराम चोख करायचा. त्याचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. रग्बीत तुम्हाला धरून पाडलं की बॉल आपल्या साथीदारांच्या बाजूला ठेवून हात मोकळे करायचे, असा नियम. राजाराम पडला कबड्डीवाला. आमच्या गावात धरलेला पाय सुटला तर महिनाभर चावडीवर टिंगल होते. बॉल तो छातीशी धरूनच बसायचा. शिट्टी वाजायची, पेनल्टी जायची आणि टीमला शिकवणारे हवालदार साहेब माझ्यावर खेकसायचे, "तुझा गाववाला ना? मग तूच शिकव!"

म्हणून सुट्टीत त्याच्या खळ्यात एक पोतं सरकी भरून उभं केलं. त्याने बॉल घेऊन पोत्याला धडक द्यायची, पडायचं, बॉल माझ्या बाजूला ठेवायचा. मी ओरडायचो, "सोड!" दहातल्या नऊ वेळा तो सोडायचा नाही. त्याचे वडील, आबा, खाटेवर बसून बघायचे.

"सारी दुनिया धराले शिकस," ते म्हणाले. "सोडाले कोनी शिकाडस का रे?"

"आबा, याच्याआधी पोतं शिकेल," मी म्हणालो. राजाराम मातीत पडल्या पडल्या हसला. बॉल पोटाशीच होता.

दोन वर्षांनी पलटण उत्तरेकडे बर्फात गेली. त्या दिवशी ०७४० ला आम्ही सात जण पुढच्या पोस्टकडे निघालो. ०९१५ ला नाल्यावरचा उतार ओलांडत होतो. माझ्या आणि राजारामच्या पायाखालचा बर्फ तुटला.

आम्ही घसरलो. राजारामने एका हाताने आइस ॲक्स रोवली आणि दुसऱ्या हाताने माझा बेल्ट धरला. खाली नाला दिसत होता. डावीकडे खडक होता, त्यावर पालथे पडून आमच्या तुकडीचे नायक हात पुढे करत होते. राजारामने सगळं अंग वळवून मला त्यांच्याकडे ढकललं. नायकांनी माझा पिठ्ठू पकडला. मी वळून राजारामचा हात धरला आणि त्याच क्षणी त्याची ॲक्स उपटली.

आता त्याचा सगळा भार माझ्या हातावर आला. वर नायकही घसरू लागले.

"सोड," राजाराम म्हणाला.

"नाही."

"तिघं जाऊत. सोड!"

मी सोडलं नाही. देवाशपथ सांगतो, मी सोडलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटं सरळ केली आणि हात मोज्यातून ओढून घेतला. माझ्या मुठीत त्याचा रिकामा हातमोजा राहिला. नायकांनी मला खडकावर ओढून घेतलं आणि वायरलेस सेट तोंडाशी धरला.

"अल्फा टू बेस. एक जवान नीचे गया. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

नायकांनी सेट माझ्याकडे दिला. मला नाव घेता येईना. मी लहान मुलासारखा रडत होतो. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

त्याला घेऊन गावी आलो. तेरावं झाल्यावर आबांनी मला खळ्यात नेलं. पोतं कोपऱ्यात तसंच उभं होतं.

"खरं सांग भाऊ. हात तू सोडा का त्यानी?"

"त्याने, आबा. मला आधी खडकाकडे ढकललं, मग सोडला."

आबांनी पोत्यावर हात ठेवला.

"मंग शेवटी सोडाले शिकना म्हना तो," ते म्हणाले.

तो मोजा मी त्यांना द्यायला आणला होता. त्यांनी घेतला नाही, माझीच मूठ मिटून दिली. आज पेन्शनीत इतकी वर्षं झाली, मोजा माझ्या ट्रंकेत आहे. तो तेवढा मला सोडता आलेला नाही.