वाळवणावरचे पाहुणे

आमच्या बेटावर किस्से साठतात ते होडीच्या तळाशी पाणी साठतं तसे. कुठून आलं ते कळत नाही, बसल्यावर पाय ओले होतात! माणसं होडीतून आणणं-नेणं हे माझं काम. दसरा सरला की पक्षी बघणारे येतात. कुणी दुर्बीण लावली, की अख्खा गाव कुजबुजतो, "ह्यांच्या पोटात काय तरी हाय."

भीती एकच. आमच्या बाया जवळा वाळवतात ते वाळूचं टोक. ते पक्ष्यांसाठी राखीव झालं, की वाळवण बंद.

*

पहिल्या वर्षी एक मॅडम आली. दुर्बीण थेट वाळवणावर! माझी भावजय हिराबाय पदर खोचून आडवी आली.

"काय बघतेस गो?"

"कुरव. थंडीत बर्फाच्या देशातून येतात."

"मग तिकडंच का न्हाय देत त्यांना राखीव जागा?"

*

एका साहेबानं होडीतच विचारलं, "काका, इथे साधारण किती पक्षी असतील?"

मी नीट विचार केला. घाई कशाला? मग म्हणालो, "कोंबड्या धरून?"

साहेबानं वही मिटली.

*

मग गावाची बैठक बसली. ठरलं, की मॅडम यायच्या दिवशी टोकावर वीतभर जागा न सोडता मासळी पसरायची. जागा वापरात आहे, हे दिसलं पाहिजे!

पसरली. तासाभरात आभाळ पांढरं झालं. एवढे कुरव मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. हिराबायच्याही!

*

एकदा जाळ्यात एक बारका पक्षी आला. पायात कडी, कडीवर आकडे. मला वाचता येत नाही, म्हणून दुबईला राहून आलेल्या उस्मानभाईला दाखवला. त्यानं चष्मा लावला.

"नाखवा, हा जमिनीचा सर्व्हे नंबर हाय!"

पक्षी टोपलीखाली ठेवून आम्ही गावातले सगळे सातबारे काढले. एकाशीही जुळेना.

"सोडा त्याला," हिराबाय म्हणाली. "आपल्या गावचा न्हाय."

*

यंदा मॅडम जाताना हिराबायच्या ओटीवर फॉर्म घेऊन बसली. "एवढे पक्षी दिसले, आता राखीव करायच्या जागेचं नाव लिहायला हवं."

हिराबायनं चहा पुढं केला, आवाज मऊ केला.

"पोरी, समोरच्या बेटाचं नाव लिही ना. तिकडची माणसं लय भली."

मॅडमनं एक घोट घेतला.

"परवा तिकडेच होते मी, हिराताई. त्यांनी तुमचं लिहायला सांगितलंय."