काकड न घातलेली शेवळं

आमची आई काही म्हणजे काही विसरायची नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. तिच्या हाताखाली वाढला असतात म्हणजे तुम्हालाही कळलं असतं. कोणाच्या लग्नात वरण पुरलं नाही, कोणत्या भाच्याने कोणाच्या आंब्याच्या कैऱ्या पाडल्या, पहिल्या सणाला सासरच्या कोणी काय टोमणा मारला, सगळं तिच्याकडे जागच्या जागी असायचं. बोलून मात्र दाखवायची नाही. नुसती बघायची. समोरचा माणूस आपणहून खजील होऊन उठून जायचा.

घराबाहेर पाऊल टाकायचं तर तिचं गाठोडं आधी तयार. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. तिचं माहेर शेणव्याला, शहापूर तालुक्यात. बैलगाडीने जायचं म्हणजे सबंध दिवस मोडायचा. गाठोड्यात मीठ, मिरची, काडेपेटी, सुई-दोरा, पोटात दुखलं तर ओवा, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि बैलांसाठी एक जादा कासरा. बाबा म्हणायचे, "अगो, माहेरी चाललीस का वनवासाला?" ती म्हणायची, "असू द्या, लागतं." आणि ते लागायचंच, हा खरा वैताग होता. एकदा निम्म्या वाटेत कासरा तुटला. बाबा न बोलता खाली उतरले, आईने न बोलता गाठोड्यातला कासरा पुढे केला. आम्ही भावंडं गाठोड्यातल्याच चिंध्या तोंडात कोंबून बसलो होतो, कारण हसू फुटलं असतं तर बाबांनी आम्हाला चालत नेलं असतं.

आई हसायची, पण तिच्या हसण्याला आवाज नव्हता. नवी नवरी होऊन आली तेव्हा ओटीवर पुरुषमाणसं बसलेली असताना ती कशाला तरी खळखळून हसली. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिथेच होती. ती म्हणाली, "बायकांचं हसू उंबऱ्याभायेर जात नाय." आई म्हणाली, "बरं." तेव्हापासून हसू आलं की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. खांदे गदगदायचे, डोळ्यांना पाणी यायचं, बांगड्या वाजायच्या, पण आवाज नाही. तिला हसवायचं हा आमचा पोरांचा खेळ होता. ती भाकरी थापायला बसली की धाकटा भाऊ मागे उभा राहून आत्याची चाल चालून दाखवायचा. आईच्या हातातली भाकरी काठाला फाटली की आम्ही समजायचो, जमलं.

तानशाचं धरण बघायला गेलो ती गोष्ट आमच्या घराण्यात अजून सांगतात. मामाने गाडी काढली होती. आदल्या दिवशी शहापुरात मुक्काम केला आणि सकाळी निघालो. आईने भाकऱ्या, बोंबलाची चटणी, कांदे घेतलेच. शिवाय पाण्याने भरलेली कळशी गाडीत चढवली. मामाला हसू आवरेना. "अगो ताई, अख्ख्या मुंबईला पानी पाजतंय ते धरण! आनि तू थितं पानी घेऊन चाललीस?"

"असू दे रे, लागतं."

धरणावर पोचलो. पाणी डोळ्यांत मावेना एवढं. पण रखवालदार कोणाला खाली उतरू देईना. "हे पानी मुंबईचं हाय. हात लावायचा नाय." वैशाखातलं ऊन, जीभ टाळूला चिकटलेली, समोर एवढा तलाव पसरलेला, आणि आम्ही सगळे एका कळशीभोवती बसलेलो. सगळ्यांत जास्त पाणी मामा प्यायला. थोड्या वेळाने रखवालदारही इकडेतिकडे बघत आला आणि त्याने ओंजळ पुढे केली. आईने कळशी वाकडी केली आणि साळसूद चेहऱ्याने विचारलं, "दादा, हे आमचं घरचं पानी हाय. मुंबईवाल्यांची परवानगी नको ना?" रखवालदाराला असा ठसका लागला की मामाला त्याची पाठ चोळावी लागली. आईने पदर तोंडात धरला आणि तलावाकडे तोंड करून बसली.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. माझी सहावी झाली होती. मी शेणव्याला मामाकडे राहून शिकत होते. आणखी एक वर्ष, मग सातवीची फायनल, आणि ती पास झाले की मास्तरीण होण्याची वाट मोकळी. मला मास्तरीणच व्हायचं होतं. मला खडूचा वास आवडायचा, आणि आपल्याला खुर्चीवर बसून दुसऱ्याला उभं करता येतं ही गोष्ट त्याहून आवडायची. पण मला पंधरावं लागलं होतं, आणि सुट्टीत मी घरी आले तशी आत्याने स्थळ आणलं. भरपूर भातशेती, घरची विहीर, एकुलता एक मुलगा. शिक्षणाची अट नव्हती. उलट पुढे शिक्षण नको, हीच अट होती. पसंत पडली तर चार दिवसांत, मिरगाच्या आधी, लग्न उरकून टाकायचं.

बाबा वाईट नव्हते. ते जगात फक्त आत्याला भीत, एवढंच. "बघून जाऊ दे. बघायला काय जातंय?" असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "बरं." मला तिचा इतका राग आला की मी गोठ्यात जाऊन रडले. एवढं सगळं लक्षात ठेवणारी बाई, आणि माझी शाळा तेवढी हिच्या लक्षात राहू नये?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती गोठ्यात आली आणि म्हणाली, "बाय, ऊठ. शेवळं काढायला जाऊ."

वळवाच्या दोन सरी पडल्या की आमच्याकडे रानात जमिनीतून शेवळाचे कोंब वर येतात. भाजी अशी लागते की मटण बाजूला ठेवावं. पण तिच्यात एक खोड आहे. नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की माणसाला आपले पूर्वज आठवतात. म्हणून तिच्यात काकडं घालायची. काकडं म्हणजे रानातलीच हिरवी, आंबट फळं, बोराएवढी. ती ठेचून भाजीत घातली की खाज मरते. ही गोष्ट आमच्याकडे चालता न येणाऱ्या पोरालाही माहीत असते. आम्ही त्या दिवशी टोपली भरून शेवळं काढली आणि ओटीत मावतील तेवढी काकडं आणली. वाटेत आईने एकच विचारलं, "शाळा कधी भरते गो?"

"पाऊस लागला की."

"बरं."

घरी आल्यावर काकडं तिने धुऊन सुपात ठेवली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले: मुलगा, त्याचा बाप आणि त्याचा मामा. मला पाटावर बसवलं, नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं. मग पंगत बसली. बाबांच्या पानात मऊ भात आणि ताक, बाकी काही नाही. आपलं पोट बिघडलंय हे बाबांना आईकडूनच कळलं. ते काहीतरी म्हणणार होते, पण आईने त्यांच्याकडे बघितलं आणि ते निमूट भात कालवू लागले. आत्या वाढत होती आणि माझी जाहिरात करत होती. "समदं पोरीनं केलंय बरं का! शेवळं खाऊन बघा, बोटं चाटत ऱ्हाल."

पाहुण्यांनी खाल्ली, आणि भरपूर खाल्ली. आधी मुलाचा मामा खाकरला. मग मुलगा डाव्या हाताने गळा चोळायला लागला. मुलाचा बाप आरवणाऱ्या कोंबड्यासारखी मान ताणून म्हणाला, "भाजी खाजतेय."

"खाजंल कशी? आमच्या घरची शेवळं कदी खाजली नायत!" असं म्हणून आत्याने घराण्याच्या अब्रूसाठी पातेल्यातली मूठभर भाजी तोंडात टाकली. पुढे ती काही बोलली नाही. बोलता येईना.

"ही भाजी पोरीनं केली म्हनता?" मुलाच्या बापाने विचारलं. मी दाराआड उभी होते. स्थळ मोडलेलं मला हवंच होतं, पण आमच्या भागात शेवळाला काकड न घालणारी पोर म्हणजे जन्माचा शिक्का. तेवढ्यात आई, जी पुरुषांच्या पंगतीसमोर कधी आली नव्हती, डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर आली.

"पोरीनं नाय. भाजी मी केली. काकडं घालायची इसरले."

बाबांचा घास हातात राहिला. आईच्या तोंडून 'विसरले' हा शब्द त्यांनी, मी, कोणीच आजवर ऐकला नव्हता. तिने शांतपणे चिंच-गुळाच्या पाण्याचं पातेलं आणून पाहुण्यांपुढे ठेवलं. खाजेवर हाच उतारा. चिंच छान भिजलेली, कोळलेली, गाळलेली. चिंच भिजायला वेळ लागतो हे कोणाही बाईच्या लक्षात आलं असतं, पण तिथे दुसरी बाई आत्या, आणि ती खोकत होती.

पाहुणे पाणी प्यायले, हात धुतले आणि पायांत वहाणा घातल्या. मुलाचा बाप अंगणातून म्हणाला, "आई अशी, तर पोर कशी? खाण तशी माती. चला."

आत्या रागाने मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे गेली. घरात आम्ही तिघंच राहिलो. बाबा खांबाला टेकून बसले होते. ते आईकडे बघत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग बाबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "काय गो, माझं पोट आता बरं हाय का?"

आईने पदर तोंडाकडे नेला, पण तो पोचला नाही. ती हसली. मोठ्याने, खळखळून, ओटी, अंगण, उंबरा सगळं ओलांडून. गोठ्यातली म्हैस दचकून उठली. बाबा हसले, मी हसले, आणि धाकटा भाऊ बाहेरून धावत आला तो काही न कळताच हसत सुटला. ते हसू मला अजून ऐकू येतं. पाऊस लागला तशी बाबांनीच गाडी जुंपली आणि मला शेणव्याला नेऊन सोडलं.

किंमत आईने मोजली. तिच्या हाताला चव होती. गावात लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला. त्यानंतर कित्येक वर्षं ती चुलीपाशी बसली की कोणीतरी हटकून विचारायचं, "काकड घातलंस ना गो?" सगळ्या हसायच्या. आईही पदर तोंडात धरायची. मला ते बघवायचं नाही. मी मास्तरीण झाले, पहिला पगार तिच्या हातावर ठेवला तेव्हा म्हटलं, "आये, मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली, "इसरले म्हटलं ना." पुढेही मी दर दोन-चार वर्षांनी विचारायची. उत्तर तेच.

बाबा गेल्यावर मी तिला शहापूरला माझ्याकडे आणली. आणि मग ती खरोखरच विसरू लागली. आधी मीठ कुठे आहे ते विसरली, मग तानसा, मग बाबा गेले ते. बाबा जेवायला का आले नाहीत म्हणून ती उपाशी बसायची. शेवटी माझं नाव गेलं. मला 'बाई' म्हणायला लागली, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मी देवाशी कडाकडा भांडले. न्यायचंच होतं तर त्याने तिचं दुसरं काही न्यायचं होतं.

एका ज्येष्ठात मी बाजारातून शेवळं आणली आणि तिच्याजवळ निवडायला बसले. तिने न सांगता एक कोंब उचलला, साल काढली, आतला पिवळा भाग बरोबर काढून टाकला. हात काही विसरले नव्हते. मी काकडं ठेचायला घेतली, तोच तिने माझं मनगट धरलं. दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"पोरीला बघायला आलंय का कोन?"

"नाय गो आये. कोनी नाय आलं."

"पोर शाळेत गेली?"

"गेली."

तिने माझं मनगट सोडलं.

"मंग घाल काकड."