भलत्या पिंजऱ्यातले उंदीर

प्रयोगशाळेत लागली तेव्हा तिची रोज भंबेरी उडायची. काचेच्या नळ्या फुटायच्या, उंदीर कडकडून चावायचे, आणि सर समोर आले की तिची बोबडी वळायची. तिला माणसात आणलं ते ताईंनी. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या सहायक. सरांचा सगळा कारभार त्यांच्या जिवावर चालायचा. "उंदराला नाही गं, घाईला भ्यायचं," त्या म्हणायच्या. नळी भरण्याआधी चिठ्ठी लावायची, अडलं तर लगेच विचारायचं आणि चुकलं तर त्याच क्षणी सांगायचं. हळूहळू तिचा हात बसला. "आता मी मेले तरी चालेल," ताई हसून म्हणाल्या.

पुढे नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला; अर्ध्या उंदरांना औषध टोचायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी. औषध दिलेले उंदीर टुणटुणीत दिसत होते आणि सरांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एका सकाळी उंदरांना खाणं घालताना तिनं सहज त्यांच्या कानातले बिल्ले वाचले. मग एकेक पिंजरा यादीशी ताडून पाहिला. कितीतरी उंदीर भलत्याच पिंजऱ्यात होते. कुणाला औषध टोचलं गेलं आणि कुणाला नुसतं पाणी, देव जाणे! पिंजरे धुताना उंदीर हलवून परत ठेवायचं काम ताईंचं होतं.

ती थेट ताईंकडे गेली. ताईंनी एक उंदीर उचलून डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"दिसत नाही गं," त्या पुटपुटल्या. "डॉक्टर म्हणतात, आता सुधारायचं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर घरी बसवलं असतं." त्यांनी उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला आणि विचारलं, "सरांना सांगायला आजचा दिवस थांबशील?"

दुपारी पुन्हा औषध टोचायचं होतं. ती थांबली नाही.

सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळे मारून टाका. पहिल्यापासून करू." ताई त्याच दिवशी डबा उचलून निघून गेल्या. उंदीर मारायचं काम तिच्याच वाट्याला आलं. तिनं ते एकटीनं, न चुकता उरकलं. सर म्हणाले, "आता ताईंची जागा तुमची."

त्या आठवड्यात ती ताईंच्या घरी गेली. ताईंच्या यजमानांनी दार अर्धंच उघडलं.

"झोपलीय ती."

आतून ताईंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही," यजमान तिच्याकडे बघत म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.