चार बोटांची दुमड

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नजमाआपा आमच्या शाळेत यायच्या आणि सगळ्या शाळेला रांगेत उभं करून मोजायच्या. गणवेशाची मापं घेण्याचा तो दिवस. हॉलमध्ये मुलांची रांग, पुढं गळ्यात टेप टाकलेल्या आपा आणि बाजूच्या बाकावर वही घेऊन बसलेली त्यांची सून रुक्सार. आपा टेप लावणार आणि ओरडणार, "छाती सव्वीस! कंबर तेवीस! लांबी अठरा!" रुक्सार लिहिणार. लांबून ऐकलं तर हॉलमध्ये लिलाव चाललाय असंच वाटायचं.

त्यांचं दुकान पुंडलिकनगरच्या रस्त्यावर, झेरॉक्सवाला आणि दूधवाला यांच्या मधोमध. दोन मशिनी, कापड बेतायचं एक टेबल आणि भिंतीला लावून रचलेल्या मापांच्या जुन्या वह्या, एवढाच पसारा. आमच्या शाळेचा गणवेश बावीस वर्षं तिथंच शिवला जात आला. मी त्या शाळेत भूगोल शिकवतो आणि दुकानापासून चार घरं सोडून राहतो. त्यामुळे आपांची ही हकीकत मी सांगितलेली बरी. तसा तिच्यात माझाही थोडा वाटा आहे, पण तो मिरवण्यासारखा नाही.

आपा मूळच्या पैठणच्या. एसटी स्टँडासमोर त्यांचे वडील नूरमोहम्मद यांचं शिवणकामाचं दुकान होतं. माप मोठ्यानं बोलायची सवय तिथली. घेणारा ओरडतो, लिहिणारा लिहितो, चूक होत नाही. वडिलांची दुसरी शिकवण अशी, की काम बिघडलं तर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही. आधी उसवायचं, मग बोलायचं. आपा बोलायला फटकळ. एकदा एक आई मुलाची चड्डी वर्षात तिसऱ्यांदा सैल करायला घेऊन आली, तेव्हा आपा म्हणाल्या, "बाई, मी चड्डी शिवते, तंबू नाय." ती बाई पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही आणि आपांना त्याचं काही वाटलंही नाही.

तर गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. पाचवीची रांग चालू होती. प्रेरणा नावाची मुलगी पुढं आली. चांगली गोलमटोल, हसरी, माझ्या तासाला सगळ्यात आधी हात वर करणारी. आपांनी टेप लावली आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "कंबर एकतीस!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग रांगच हसली. आपांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली. मी दारातच उभा होतो. मुलं कशाला ना कशाला हसतातच, असं म्हणून मीही सोडून दिलं.

पुढं महिन्याभरानं मी वर्गात म्हणालो, "पान एकतीस काढा." सगळा वर्ग खो-खो हसला. काही कळलं नाही, तरी मीही हसलो. मुलं हसली की मास्तरला आपण लोकप्रिय आहोत असं वाटतं. प्रेरणा मान खाली घालून बसली होती. तिचा हात बऱ्याच दिवसांत वर झाला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

जुलैच्या शेवटी ती प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. वर्गाच्या बाईंनी तिला उचलून स्टाफरूममध्ये आणलं, पाणी पाजलं. हळूहळू विचारल्यावर कळलं, की आदल्या दुपारपासून तिच्या पोटात काहीच नव्हतं. डबा ती रोज मैत्रिणीला देऊन टाकत होती. संध्याकाळी तिची आजी सरूबाई येऊन तिला घेऊन गेली. "नजर लागली माझ्या लेकराला," एवढंच ती म्हणत होती. त्यानंतर आठ दिवस प्रेरणा शाळेत आली नाही. ती म्हणे शाळेचं नावच काढू देत नव्हती.

नवव्या दिवशी मी आपांच्या दुकानात गेलो, ते माझी पँट सैल करून घ्यायला. माझंही पोट सुटत चाललं होतं. आपांनी पँट उलटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "सर, आत कापडच उरलं नाय आता. तुम्हीच कमी व्हा."

विषय बदलायला म्हणून मी प्रेरणाचं सांगितलं. मुलं तिला 'एकतीस' म्हणून चिडवतात, हे मला तोवर दुसऱ्या मुलीकडून कळलं होतं. ते ऐकलं आणि आपांची मशीन थांबली.

"एकतीस?" त्यांनी विचारलं. "कोण बोललं पयलं?"

रुक्सारनं काज करता करता खाली पाहिलं. आपांनी गळ्यातली टेप काढली, तिची घडी केली आणि टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. बावीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"गलती माझी हाय, सर. पोरीची नाय, पोरांची बी नाय. चला, घर दाखवा."

"आत्ता?"

"मग काय ईदला?"

प्रेरणाचं घर दोन गल्ल्या पलीकडं. वडील वाळूजच्या कंपनीत पाळीनं कामाला, आई सुलेखा एका औषधाच्या दुकानात. दोघं घरी येईपर्यंत दिवे लागलेले असतात. घरात आजी आणि नात. आम्ही गेलो तेव्हा सरूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि आतल्या दाराआड एक निळी ओढणी हलत होती.

आपा उभ्यानंच दाराकडं पाहून बोलल्या. "बेटा, मी माप घेणारी नजमा. तुझं माप मी सगळ्यांसमोर ओरडले. लई चुकलं माझं. माफी मागायला आले."

मोठ्या माणसानं दहा वर्षांच्या पोरीची अशी सरळ माफी मागितलेली मी तरी पाहिली नव्हती. ओढणी हलायची थांबली. आतून आवाज आला, "मला कमी व्हायचंय."

"म्हणून जेवत नाय?"

आपा खाली फरशीवर बसल्या.

"ऐक. मी तीस वर्षं पोरांचे कपडे शिवते. उपाशी पोर वाढत नाय. आणि तुझं वाढायचं वय हाय. आपल्याला कंबर कमी करायचीच नाय. तिला फक्त म्हणायचं, तू हितंच थांब. उंचीला म्हणायचं, तू चल पुढं. तुझ्या स्कर्टला खाली मी चार बोटं दुमड घातलीय. पुढच्या जूनला नवा स्कर्ट शिवायचा नाय. हाच घेऊन ये. कंबरेचं बटन हाय तिथंच लागलं पायजे आणि खालची दुमड मी उसवून देणार. बोल, जमंल?"

दार थोडं उघडलं. "आणि नाही जमलं तर?"

"तर परत दोघी मिळून बघू. पण जेवून."

प्रेरणा दुसऱ्या दिवशी शाळेत आली, पण इतक्यानं भागणार नव्हतं. ती खाणार काय, हा खरा प्रश्न होता. सकाळी घाईत बिस्किटं, शाळेत वीस रुपये घेऊन चिप्सची पुडी, दुपारी नूडल्स, आणि आजी लाडानं वर गोड काहीतरी. सरूबाईंना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "खात्यापित्या घरची पोर हाय," त्या आपांना म्हणाल्या. "आमी देवगाव रंगारीला भाकर-चटणीवर दिवस काढले. आता देवानं दिलंय, तर नातीनं बी भाकरच खावी व्हय? लोकं काय म्हणतील?"

मला वाटलं, आता इथं आपांचा तोंडपट्टा सुटणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "व्हय बाई, आमच्यात बी हेच चालतं. माझे अब्बा शिळी रोटी खाऊन शिवायला बसायचे, आणि माझ्या नातवंडांच्या हातात पुडी नसली तर मलाच कसंतरी होतं. पण खरं सांगा, तुम्हाला धपाटे आवडत नव्हते?"

सरूबाई हसल्या. "न आवडायला काय झालं? आमच्या आईच्या हातचे धपाटे, दही, वरून शेंगदाण्याची चटणी..."

"मग ते गरिबीचं खाणं कसं झालं? करा की पोरीला. आणि मला बी बोलवा."

ऑगस्टच्या पालकसभेत आपा न बोलावता आल्या. काखेत दोन वह्या. मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, आहारावर बोलायला तज्ज्ञ बोलावतात. शिवणाऱ्या बाई काय बोलणार?" मी म्हटलं, पाचच मिनिटं द्या. खरं म्हणजे मलाही धाकधूक होती.

आपांनी भाषण केलं नाही. एकही नाव न घेता बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या वहीतून पाचवीच्या मुलींच्या कंबरेची मापं वाचली. एकवीस, बावीस, एकवीस, तेवीस, बावीस. मग या वर्षीची वही उघडली. पंचवीस, सव्वीस, चोवीस, अठ्ठावीस, सव्वीस. उंची मात्र दोन्ही वह्यांत जवळजवळ तीच. हातच्या कांकणाला आरसा कशाला! आपापल्या पोराचा आकडा कुठला असेल, हे प्रत्येकजण मनात शोधत होता.

शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "मग इलॅस्टिकचा ड्रेस करा ना. रोजची कटकट मिटेल." दोन-तीन पालकांनी माना हलवल्या. शाळेच्या समितीतही तो विचार चालू होता. तयार गणवेश, कंबरेला इलॅस्टिक, मापं घ्यायलाच नकोत.

"इलॅस्टिक बोलत नाय," आपा म्हणाल्या. "बटन बोलतं. बटन तुटलं की आईला कळतं. मी इलॅस्टिक लावणार नाय. तुम्हाला दुसरीकडून घ्यायचं तर खुशाल घ्या."

बावीस वर्षांचं काम त्या एका वाक्यावर टांगून त्या खाली बसल्या. मला घाम फुटला, त्यांना नाही. मग त्यांनीच मागणी केली. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटायची पद्धत बंद. पंचावन्न पोरं म्हणजे वर्षात पंचावन्न चॉकलेटं, त्यापेक्षा पेरू वाटा, बोरं वाटा, शेंगा वाटा. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांच्या डब्यात घरी केलेलं खाणं, पुडी नाही. आणि महिन्यातून एका शनिवारी कुणाची तरी आई किंवा आजी शाळेत येऊन एक पदार्थ करून दाखवणार. "पयल्या शनिवारी सरूबाई येणार," त्यांनी परस्पर जाहीर केलं. सरूबाई तिथं नव्हत्या, त्यांना ते दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या आल्या मात्र. डोक्यावर पदर, हातात परात. ज्वारीच्या पिठात मेथी, लसूण, हिरवी मिरची घालून त्यांनी धपाटे थापले आणि सांगितलं, "पुडीतलं खाल्लं की घटकाभरानं परत भूक. हे खाल्लं की सांजच्यापतुर पोट धरून राहतं." प्रेरणा शेजारी उभी राहून दही वाढत होती. तिला त्या दिवशी कुणी एकतीस म्हटलं नाही. धपाटा मिळायचा तर तिच्या हातून मिळणार होता.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी गणवेश कुठूनही घ्या, असं समितीनं ठरवलं आणि आपांचं तिसरा हिस्सा काम गेलं. फाटकाबाहेरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा अजून लोंबतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रेरणाचं बटन लागेना, तेव्हा ती दुकानात येऊन रडली. आपांनी बटन सरकवलं नाही. "पुन्हा लागंल," म्हणाल्या आणि तिला रोज संध्याकाळी दुकानातून माझ्या घरापर्यंत काही ना काही पोचवायला पाठवू लागल्या. कधी सुई, कधी रिकामी रीळ. चार घरांचं अंतर, पण गल्लीतली पोरं वाटेत तिला लंगडीला ओढायची आणि ती तासाभरानं माझ्या दारात यायची. सुईचं मी काय करणार होतो, देव जाणे. माझ्याकडं अजून अकरा रिळं आहेत.

यंदाचा जून आला. हॉलमध्ये आपांनी एक जुनी चादर बांधून आडोसा केला होता. एकेक मूल आत जाई. आपा टेपवर बोट ठेवत, रुक्सार वाकून पाही आणि लिही. तीस वर्षांची सवय, आपांचे ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. एवढं शांत माप मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रेरणा सहावीच्या रांगेत होती. जुना स्कर्ट घालून आली होती, सोबत सरूबाई. सुलेखानं नव्या स्कर्टाचे पैसे देऊन पाठवलं होतं, पण पोरगी ऐकेना. ती आडोशाआड गेली. थोड्या वेळानं आपा बाहेर आल्या, हातात तो स्कर्ट. प्रेरणा शाळेच्या खेळाच्या पँटीत मागोमाग. आपा बाकावर बसल्या, ब्लेड घेतलं आणि खालच्या दुमडीचा टाका न् टाका उसवत गेल्या. चार बोटं कापड मोकळं झालं. वरचा स्कर्ट वर्षभर धुऊन विटला होता, आणि खालची पट्टी अगदी नवी, गडद निळी.

"पट्टी वेगळी दिसंल, बेटा," आपा म्हणाल्या. "पोरं विचारतील."

"विचारू द्या ना, खाला," प्रेरणा म्हणाली. "सांगीन, एवढी वाढले."

सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग नजर लागू नये म्हणून नातीच्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं. मी न राहवून आपांना हळूच विचारलं, "कंबर किती भरली हो?"

आपांनी माझ्या पोटाकडं पाहिलं, टेप गळ्यात टाकली आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं. कंबर किती भरली ते मला आजही माहीत नाही. बटन मात्र होतं तिथंच लागलं होतं.