खुर्चीमामांची खालची बाजू

लालबागच्या आमच्या चाळीत खुर्चीमामांना खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जेवायलाही उभेच, एका हातात ताटली, कान जिन्याकडे. त्यांच्या दारामागे हातांची जुनी लाकडी खुर्ची असे. वरच्या मजल्यावर कोणी आजारी पडलं, की माणसाला तीत बसवायचं, जुन्या लुगड्याने कमरेशी बांधायचं आणि चौघांनी उचलून त्या अंधाऱ्या, अरुंद जिन्याने खाली न्यायचं. खाली टॅक्सी, मग परळचं हॉस्पिटल.

खालची बाजू मामांची. सगळा भार तिथेच येतो, शिवाय पाठमोरं उतरायचं. म्हणायचे, पेशंटला जिना दिसता कामा नये, माझं थोबाड दिसलं पाहिजे. आणि त्या थोबाडाने ते पेशंटशी बांगड्याच्या भावावर भांडत उतरायचे.

मी तेव्हा महिला मंडळाची सेक्रेटरी. गळ्यात गणपतीतली शिट्टी, जी मी वर्षभर उतरवत नसे. पाटकरांच्या आजींना खाली नेताना मी कठड्यावरून हुकूम सोडत होते आणि ऐन वळणावर जोरात शिट्टी फुंकली. खालचे थांबले, वरचे चालत राहिले, आजी मामांच्या अंगावर कलंडल्या. त्यांना सावरून मामा शांतपणे म्हणाले, "सुमन, शिट्टी गणपतीक वाजय. आता हात मोकळे आसत मा तुझे?"

चाळभर हशा. मी आठवडाभर मामांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, याचा राग वेगळाच.

मग एका दुपारी मामाच कोसळले. पुरुष कामावर. गॅलरीत आम्ही बायका, प्रत्येकीकडे सल्ला तयार. मामांना खुर्चीत बांधलं, वरची बाजू तिघींनी पटकन धरली. खालची रिकामी. शिट्टी पोलक्यात कोंबून मी वाकले. पाय असे लटपटत होते, की पायरी हलतेय की मी, कळेना. समोर मामांचा घामेजलेला चेहरा. ते पुटपुटले, "तोंड हसरा ठेव गो. आता ता माका बघूचा लागतला."

ठेवलं. कसं दिसलं असेल देव जाणे. बांगड्याचा भावही काढला, तोही चुकीचा. मामांनी तशातही तो दुरुस्त केला.

मामा परतले नाहीत. रिकामी खुर्ची वर न्यायला एक बाई पुरली असती, पण आम्ही चौघींनी धरली. कोणी हुकूम सोडला नाही.

आज करी रोडच्या आमच्या टॉवरात लिफ्ट आहे आणि माझी नात मुक्ता सकाळपासून घरभर येरझारा घालतेय. दोन नोकऱ्या हुकल्यात, तिसरीचा अर्ज संध्याकाळपर्यंत जायचाय. प्रश्न: तुम्ही नेतृत्व केल्याचा प्रसंग लिहा. तिने वाचून दाखवलेल्या उत्तरात मी केलं, मी ठरवलं, मी सांगितलं. मला थेट माझी शिट्टी ऐकू आली.

मी मामांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुझ्या जुन्या ऑफिसात गिऱ्हाईक त्या नव्या मुलींवर ओरडत होतं, तेव्हा तू त्यांना मागे सारून पुढे उभी राहिलीस, ते कुठेय?

"त्यात कसली लीडरशिप, आजी? माझे पाय लटपटत होते."

"पाय राहू दे. त्या मुलींना तोंड कसं दिसलं तुझं?"

मुक्ता थांबली. मग खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून लिहायला लागली.