चांदीचं काळीज

स्टमाटिया बेकरीत पाव विकायची. बोलणं कमी, म्हणून बेटावर तिला शिष्ट समजत. पोटातल्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही, हे अथेन्सच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हाही ती गप्पच होती.

"जन्मल्यापासून एकामागून एक ऑपरेशनं. तरी जगेल असं वचन मी देत नाही. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शुक्रवारपर्यंत कळवा."

परतीच्या बोटीवर नवरा नोमिकॉस पाण्याकडे बघत म्हणाला, "तू म्हणशील तसं." ही माया की पळवाट, तिला कळेना. तिच्या मनात मात्र ठरत आलं होतं : ह्या जिवाला सुऱ्यांखाली जन्म द्यायचा नाही.

पण नोमिकॉसच्या पोटात काही राहिलं नाही. त्यानं आईला सांगितलं.

सासू कालिओपी रडलीबिडली नाही. सकाळी सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचं नवसाचं काळीज आणि तसंच तान्हं बाळ आणलं आणि देवळात पनागियामातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, तसबिरीपुढच्या तारेवर टांगलं. त्या तारेवर पाय दिसला की कुणाचा गुडघा, डोळा दिसला की कुणाचा मोतीबिंदू, हे गाव वाचून घेतं. दुपारी बेकरीत रीघ लागली.

"घाबरू नको गं पोरी, पनागिया आहे."

"माझ्या दिराला डॉक्टरांनी मेल्यातच काढला होता. त्यानंतर तीन बायका केल्यान् मेल्यानं!"

"कालिओपीनं नावसुद्धा बोललंय. मुलगी झाली तर देस्पिना, पनागियाचंच नाव."

घरी येऊन स्टमाटियानं विचारलं, "आई, गावभर का केलंत?"

"मी गावाला कुठं सांगितलं? तिला सांगितलं." सासूनं वर बोट केलं. "तिला सांगायचं नाही, तर कुणाला?"



शुक्रवारी ती ते काळीज काढायला देवळात गेली. तारेवर आता काळजांची रांग होती. ओळखीपाळखीच्यांनीही तिच्या बाळासाठी एकेक आणून टांगलं होतं. सासूनं टांगलेलं कुठलं, समजेना. एकाला हात घातला, तोच झाडलोट करणारी म्हातारी फोतिनी खुर्ची घेऊन धावली.

"अगं, पोटुशी तू, ताणून उभी नको राहूस. मुका घ्यायचाय ना? बस, मी तसबीर खाली धरते."

फोतिनीनं तसबीर धरली. स्टमाटियानं थंडगार काचेला ओठ टेकले.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय ठरवलंत?"

"ठेवायचं ठरलंय," ती म्हणाली.